डॉ. कमल रणदिवे : शोधनिबंध किती आणि उपयोग किती?



निकाल लागला की आपला पहिला प्रश्न ठरलेला असतो, "किती पडले?" शास्त्रज्ञांबद्दलही मुलं तसंच विचारतात, "सर, त्यांनी किती शोध लावले?" या प्रश्नाचं उत्तर नुसत्या आकड्यात देता येतं का, हे आज एका मराठी संशोधिकेच्या कामावरून पाहू.

परिचय

कमल समर्थ यांचा जन्म 8 नोव्हेंबर 1917 रोजी पुण्यात झाला. शाळा हुजूरपागा. वडील फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवत. मुलीनं डॉक्टर व्हावं अशी त्यांची इच्छा होती, पण कमलताईंनी वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र निवडलं. एम.एस्सी.ला त्यांनी सीताफळाच्या कुळातील वनस्पतींच्या पेशींचा अभ्यास केला. लग्नानंतर त्या मुंबईला आल्या आणि डॉ. वसंत खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली 1949 साली पीएच.डी. झाल्या. पुढे अमेरिकेत पेशी शरीराबाहेर वाढवण्याचं तंत्र शिकून त्या परतल्या. मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी ऊतीसंवर्धनाची देशातली पहिली प्रयोगशाळा उभी केली.

कुष्ठरोगाचा जंतू आणि लस

लस म्हणजे काय? खरा रोग होण्याआधीच शरीराला रोगजंतूची ओळख करून द्यायची, म्हणजे ते लढायला तयार राहतं. त्यासाठी जंतू हाताशी लागतो. कुष्ठरोगाचा जंतू 1873 साली सापडला, पण प्रयोगशाळेच्या काचपात्रात तो आजही वाढत नाही. 1958 साली बापट, रणदिवे आणि खानोलकर यांनी कुष्ठरुग्णाच्या गाठीतून एक जंतू वेगळा करून वाढवला. केंद्राच्या नावावरून त्याला 'आयसीआरसी' जंतू म्हणतात. पुढे तो कुष्ठरोगाच्या जंतूचा नातलग ठरला, तोच जंतू नव्हे. तरीही त्यापासून डॉ. माधव देव, बापट आणि सहकाऱ्यांनी लस तयार केली.

दक्षिण भारतात सुमारे 1 लाख 71 हजार लोकांवर चार लसींची तुलना झाली. 1998 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षात आयसीआरसी लसीचं संरक्षण 65.5 टक्के आढळलं, तर नुसत्या बीसीजीचं 34.1 टक्के. जंतू हाती आल्यापासून या उत्तरापर्यंत चाळीस वर्षं गेली!

मुलांना हेही प्रामाणिकपणे सांगावं की कुष्ठरोग आटोक्यात आणण्यात मोठा वाटा 1981 नंतरच्या बहुविध औषधोपचाराचा आहे. ही लस घरोघरी पोहोचली नाही. पण म्हणून ते काम वाया गेलं असं होत नाही.

मोजायचं कसं?

कमलताईंच्या नावावर कर्करोग व कुष्ठरोगावरचे 200 हून अधिक शोधनिबंध आहेत. आजकाल निबंधांच्या संख्येबरोबरच इतर संशोधकांनी त्यांचा किती वेळा उल्लेख केला, हेही पाहतात. 2005 साली हर्श यांनी सुचवलेला एच-निर्देशांक असा काढतात : समजा पाच निबंधांचे उल्लेख 10, 8, 5, 4 आणि 3 आहेत. निदान चार उल्लेख असलेले निबंध चार आहेत, म्हणून निर्देशांक 4. सातवी-आठवीच्या वर्गात हे फळ्यावर सहज करून घेता येईल.

उल्लेखाचं महत्त्व समजवायला आपलं मुदखेड जंक्शनच घ्या. इथून नांदेड, निजामाबाद आणि आदिलाबादकडे गाड्या जातात. स्टेशनची इमारत केवढी, यापेक्षा इथून किती दिशांना पुढे जाता येतं ते महत्त्वाचं. चांगला निबंधही तसाच, त्यावरून दुसरे पुढे जातात.

मात्र निर्देशांकात सगळंच मावत नाही. उभी केलेली प्रयोगशाळा, घडवलेले विद्यार्थी, 1973 साली सहकारी महिलांसोबत स्थापन केलेली भारतीय महिला वैज्ञानिक संघटना, हे कुठल्या रकान्यात लिहिणार? 1982 साली त्यांना पद्मभूषण मिळालं. 2001 साली त्यांचं निधन झालं.

वर्गात आणि घरी

मुलांना एक प्रश्न द्या : "तू शिकलेली कोणती गोष्ट दुसऱ्या कुणाच्या उपयोगी पडली?" उत्तरं वहीत लिहून घ्या. पालकांनीही यंदा गुणपत्रक हातात घेतल्यावर "किती पडले?" च्या जोडीला हा प्रश्न विचारून पाहावा. मुलं काय सांगतात, ते जरूर कळवा.