बाळाच्या अंगावरील पुरळ : ओळख आणि उपचार

बाळ जन्मल्यानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्याच्या अंगावर लाल चट्टे उमटले की घरात काळजीचे वातावरण पसरते. कोणी उष्णता बाहेर पडली म्हणतात, कोणी राख लावण्यास सुचवितात, तर कोणी दुकानातून मलमाची नळी आणतात. वस्तुतः लहान बाळांच्या अंगावरील बहुतेक पुरळ निरुपद्रवी असते. थोड्या प्रकारचे पुरळ मात्र गंभीर आजाराची खूण असते. निरुपद्रवी पुरळावर केलेला चुकीचा उपचार आणि गंभीर पुरळाकडे झालेले दुर्लक्ष ही दोन्ही बाळाला घातक ठरू शकतात. म्हणून या दोहोंतील फरक माता, आजी आणि गावातील कार्यकर्ते यांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

आपोआप जाणारे पुरळ

पूर्ण दिवसांच्या सुमारे निम्म्या नवजात बालकांना पहिल्या काही दिवसांत लाल चट्टे व त्यांच्या मध्यभागी बारीक पिवळसर पुटकुळ्या येतात. तळहात व तळपाय यांवर त्या सहसा नसतात. बाळ नीट दूध पीत असते, ताप नसतो, आणि एक-दोन आठवड्यांत अंग स्वच्छ होते. नाकावरील व गालांवरील बारीक पांढरे ठिपकेही काही आठवड्यांत जातात. ते दाबून फोडू नयेत. टाळूवर धरणाऱ्या तेलकट खपल्या खोबरेल तेलाने मऊ करून डोके हलक्या हाताने धुतले म्हणजे हळूहळू सुटतात. त्या नखाने खरवडू नयेत.

घामोळे आणि लंगोटाची आग

उन्हाळ्यात, आणि थंडीतही बाळाला टोपडे, झबले व दुपट्यांत घट्ट गुंडाळल्याने, घामाची छिद्रे बंद होऊन मान, पाठ व कपाळ यांवर घामोळे येते. सैल सुती कपडे, मोकळी हवा आणि कोमट पाण्याने स्नान एवढाच त्यावरील उपचार आहे. बाळंतिणीच्या खोलीतील शेगडी व धुरी यांनी घामोळे वाढते आणि धूर बाळाच्या छातीलाही बाधतो.

ओला लंगोट बराच वेळ राहिल्यास नितंब व मांड्यांची कातडी लाल होते. लंगोट वेळच्या वेळी बदलावा, जागा साध्या पाण्याने धुऊन टिपून कोरडी करावी आणि दिवसातून काही वेळ बाळाला लंगोटाविना ठेवावे. झिंक ऑक्साइडचे साधे मलम उपयोगी पडते. दोन-तीन दिवसांत फरक पडला नाही, जांघेच्या घड्यांतही लालभडक चट्टे दिसले व त्यांच्या कडेने बारीक पुटकुळ्या आल्या, तर तो बहुधा बुरशीचा संसर्ग असतो. अशा बाळाच्या तोंडात कधी दह्यासारखे पांढरे थरही आढळतात. येथे बुरशीनाशक औषध लागते व ते डॉक्टरांनीच द्यावयाचे असते.

खरूज : एका बाळाचा नव्हे, घराचा रोग

डोळ्यांना सहज न दिसणाऱ्या किडीमुळे खरूज होते. मोठ्यांना ती बोटांच्या बेचक्यांत व कमरेवर होते. बाळांना तळहात, तळपाय आणि डोक्यावरही होते. रात्री खाज वाढते, बाळ झोपत नाही. पुष्कळदा शाळेत जाणाऱ्या भावंडाकडून ती घरात येते. बाळ दोन महिन्यांहून मोठे असल्यास डॉक्टर ५ टक्के पर्मेथ्रिनचे मलम देतात. त्याहून लहान बाळाचा उपचार डॉक्टरच ठरवितात. मलम रात्री लावून सकाळी धुतात व आठवड्याने पुन्हा लावतात. घरातील सर्वांनी, खाज असो वा नसो, एकाच दिवशी उपचार घेतला नाही, तर बाळ पुन्हा आजारी पडते. त्याच दिवशी कपडे व अंथरूण गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवावे.

दवाखान्यात विनाविलंब न्यावे, जर...

पुरळाबरोबर ताप असेल, अंग गार पडले असेल, बाळ दूध ओढीत नसेल किंवा सुस्त झाले असेल. दोन महिन्यांखालील बाळाला दहा किंवा अधिक पूयुक्त फोड वा एक मोठे गळू असेल. बेंबीभोवती लाली पसरत असेल. किंवा लाल-जांभळे ठिपके काचेच्या पेल्याने दाबूनही फिके होत नसतील. ताप, खोकला व लाल डोळे यांच्या पाठोपाठ कानामागून आणि चेहऱ्यावरून पुरळ अंगभर उतरल्यास गोवर समजावा. 'गोवर पुरता बाहेर पडू द्यावा' म्हणून थांबू नये. अशा बालकाला उपचाराबरोबर 'अ' जीवनसत्त्वाचीही गरज असते. गोवर-रुबेला लसीची पहिली मात्रा नऊ महिने पूर्ण होताच आणि दुसरी १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान द्यावयाची असते.

टाळावयाचे उपचार

बाळाची त्वचा पातळ असते व वजनाच्या मानाने तिचा विस्तार मोठा असतो. त्यामुळे लावलेले औषध रक्तात लवकर उतरते. म्हणूनच बोरिक पावडर बाळाला विषारी ठरू शकते. राख, शेण व डाग देणे यांनी जखम होऊन जंतूंना वाट मिळते. 'तीन औषधे एकत्र' असलेल्या मलमांत बहुधा तीव्र स्टेरॉइड असते. त्याने लाली दोन दिवस दबते, पण बुरशी पसरते व कातडी आणखी पातळ होते. अशी मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नयेत.

गावाची जबाबदारी

गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने प्रशिक्षित ग्रामीण स्त्रियांकरवी नवजात बालकांची घरोघर काळजी घेऊन बालमृत्यू कमी करता येतात हे दाखवून दिले. आज आशा कार्यकर्ती प्रसूतीनंतरच्या ४२ दिवसांत ठरलेल्या दिवशी घरी भेट देते. त्या वेळी बाळाचे कपडे काढून सर्व अंग उजेडात पाहिले जावे, असा आग्रह कुटुंबाने धरावा. शिक्षकांनी वर्गात खाजविणारी मुले दिसताच पालकांना व आरोग्य सेविकेला कळवावे. पंचायत सदस्यांनी प्रत्येक वस्तीत पुरेसे पाणी पोहोचते की नाही हे पाहावे; लंगोट आणि अंथरूण धुण्यास घरी पाणीच नसेल, तर स्वच्छतेचा कोणताही उपदेश निष्फळ ठरतो.