पुढचं पाठ, मागचं सपाट : सॉफ्टवेअरमधलं रिग्रेशन ओळखायचं कसं आणि कळवायचं कसं?



वर्गात नवीन धडा सुरू झाला की एक अनुभव आपल्या सगळ्यांनाच येतो. भागाकार शिकवून होतो, मुलं छान गणितं सोडवायला लागतात आणि मग लक्षात येतं की कालपर्यंत बिनचूक येणारी हातच्याची वजाबाकी आता चुकतेय! आपण पटकन म्हणतो, "पुढचं पाठ, मागचं सपाट."

गंमत म्हणजे सॉफ्टवेअरचंही अगदी असंच होतं. नवीन सोय आली, पण जुनं चालणारं काम बिघडलं, तर त्याला 'रिग्रेशन' म्हणतात. आपल्या शाळेतून शिकून गेलेली बरीच मुलं आता डिप्लोमाला, बीसीएला आहेत. मुक्त स्रोत सॉफ्टवेअर वापरताना त्यांना असा बिघाड दिसतो, पण "आपण काय सांगणार मोठ्या लोकांना?" म्हणून ती गप्प बसतात. आजचा पाठ खास त्यांच्यासाठी. चला तर मग, सुरुवात करूया.

१. बिल्ड टूल म्हणजे काय?

प्रोग्रामर जे लिहितो त्याला सोर्स कोड म्हणतात. तो कोड संगणकाला जसाच्या तसा चालवता येत नाही. शेकडो फायली क्रमाने भाषांतरित करून, एकमेकींना जोडून शेवटी चालणारा प्रोग्राम तयार होतो. हे सगळं काम योग्य क्रमाने करून घेणारा मुकादम म्हणजे बिल्ड टूल.

यातलं जुनं आणि प्रसिद्ध टूल म्हणजे 'मेक'. स्टुअर्ट फेल्डमन यांनी ते १९७६ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये तयार केलं. त्याची युक्ती साधी आहे. कोणती फाईल कधी बदलली ती वेळ पाहायची आणि जेवढं बदललं तेवढंच पुन्हा बनवायचं. एका मुलाने एक गणित चुकवलं म्हणून आपण त्याला अख्खी वही पुन्हा लिहायला लावत नाही, तसंच.

आजच्या पाठासाठी आपण 'सीमेक' हे मुक्त स्रोत टूल उदाहरण म्हणून घेऊ. अमेरिकेतल्या किटवेअर या कंपनीने २००० साली ते सुरू केलं. सीमेक स्वतः भाषांतर करत नाही, तर मेक, निन्जा, व्हिज्युअल स्टुडिओ अशा टूलांसाठी कामाचा आराखडा लिहून देतं. चित्रं काढायचं क्रिटा, थ्रीडीचं ब्लेंडर आणि लहान मुलांच्या खेळांचं जीकॉम्प्रिस या सगळ्यांच्या बांधणीमागे सीमेकच आहे. म्हणजे तुम्ही त्याचं नाव ऐकलं नसलं, तरी त्याने बनवलेलं सॉफ्टवेअर तुमच्या शाळेच्या संगणकावर असू शकतं. मुकादमच चुकला, तर त्याच्या हाताखालची सगळी कामं अडतात हे लक्षात ठेवा.

२. प्रकाशनपूर्व आवृत्ती कशासाठी?

वार्षिक स्नेहसंमेलनाच्या आधी आपण रंगीत तालीम घेतो. कपडे, माईक, पडदा सगळं खरं असतं, फक्त पाहुणे नसतात. चुका तिथेच सापडाव्यात म्हणून तर ती असते.

सॉफ्टवेअरच्याही अशा तालमी असतात. साधारण क्रम असा : आधी अल्फा, मग बीटा, मग रिलीज कँडिडेट म्हणजेच 'आरसी' आणि शेवटी पक्की आवृत्ती. सगळीच टूलं या तिन्ही पायऱ्या घेत नाहीत. सीमेकच्या मुख्य आवृत्त्यांआधी आरसी १, आरसी २ असे क्रमांक येतात. लिनक्सच्या कर्नेलमध्ये तर साधारण दर आठवड्याला एक आरसी निघतं आणि बहुधा सातव्या-आठव्यानंतर पक्की आवृत्ती येते.

आरसी वापरायला जुनं टूल काढून टाकायची गरज नसते. सीमेकची झिप फाईल वेगळ्या फोल्डरमध्ये उघडून तिथूनच चालवता येते. जुनं जागच्या जागी राहतं. तुलना करायला दोन्ही हाताशी असणं फार महत्त्वाचं आहे, का ते पुढे कळेलच.

३. आत्ताच का कळवायचं?

इथे मेकची एक खरी गोष्ट सांगते. मेकच्या फाईलमध्ये आज्ञेची ओळ टॅबनेच सुरू करावी लागते. टॅबऐवजी स्पेस दिल्या तर डोळ्यांना दोन्ही सारखंच दिसतं, पण मेक चूक दाखवतं. पुढे फेल्डमन यांनी स्वतःच सांगितलं की, ही अडचण त्यांच्या लक्षात आली तोपर्यंत मेक वापरणारे जेमतेम डझनभर लोक झाले होते. त्यांचं काम मोडायला नको म्हणून ती तशीच ठेवली. त्या बारा जणांसाठी ठेवलेला टॅब आज जवळपास ५० वर्षांनंतरही जगभरचे विद्यार्थी सोसत आहेत!

यातून काय शिकायचं? चूक एकदा पक्क्या आवृत्तीत गेली की लोक तिच्याभोवतीच आपलं काम रचतात. मग ती दुरुस्त करणं हीच नवी मोडतोड ठरते. शिवाय उबुंटूसारख्या प्रणालीच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्त्यांना ५ वर्षं पाठबळ मिळतं. त्यात गेलेला दोष बऱ्याच शाळा-कॉलेजांच्या संगणकांवर वर्षानुवर्षं राहू शकतो. म्हणून तालमीतली चूक तालमीतच सांगायची.

आणि आपल्यासाठी आणखी एक कारण आहे. समजा, फोल्डरचं नाव देवनागरीत असलं की नवीन आरसी अडखळतं. परदेशातल्या डेव्हलपरच्या संगणकावर असं फोल्डर बहुधा नसतंच. तो दोष त्याला दिसणार कसा? तो आपल्यालाच दिसणार आणि आपणच सांगायला हवा. "दुसरं कोणीतरी सांगेल" असं म्हणून चालणार नाही, कारण कदाचित दुसरं कोणी नसेलच.

४. खरंच रिग्रेशन आहे का?

प्रत्येक बदल म्हणजे बिघाड नव्हे. हे सीमेक ४.० च्या उदाहरणावरून छान कळतं. प्रत्येक सीमेक प्रकल्प आपल्या फाईलमध्ये "मला किमान अमुक आवृत्ती हवी" असं लिहितो. त्यावरून सीमेक त्या प्रकल्पाशी जुन्या पद्धतीने वागायचं की नव्या, हे ठरवतं. मार्च २०२५ मध्ये ४.० आवृत्ती आली आणि ३.५ पेक्षा जुन्या पद्धतींशी जुळवून घेणं तिने बंद केलं. बरेच जुने प्रकल्प बांधताना थांबले.

मग हे रिग्रेशन का? नाही. कारण २०२३ च्या ३.२७ आवृत्तीपासूनच सीमेक तशी सूचना देत होतं आणि ४.० च्या बदलांच्या यादीतही ते स्पष्ट लिहिलं होतं. परीक्षेचा अभ्यासक्रम बदलल्याचं परिपत्रक आधी आलं असेल, तर "पेपर चुकीचा निघाला" असं आपण म्हणत नाही.

थोडक्यात, तीन प्रश्न विचारा :
• जुन्या आवृत्तीत हेच काम नक्की चालत होतं का?
• नव्या आवृत्तीत तेच काम, त्याच संगणकावर, तशाच पद्धतीने केल्यावर बिघडतं का?
• बदलांच्या यादीत हा बदल मुद्दाम केल्याचं लिहिलेलं नाही ना?

तिन्हींचं उत्तर "हो" आलं, तरच ते रिग्रेशन असण्याची दाट शक्यता आहे.

५. कळवण्याआधीची तयारी

पाटी कोरी करा. सीमेक आधीच्या वेळची माहिती एका कॅश फाईलमध्ये जपून ठेवतं. जुन्या आवृत्तीची ती माहिती नव्या आवृत्तीने वापरली, तर भलताच गोंधळ दिसू शकतो. म्हणून बिल्डचं फोल्डर नव्याने करून पुन्हा पाहा. कित्येक "बिघाड" इथेच गायब होतात.

आधी कोणी सांगितलंय का ते शोधा. चुकीच्या संदेशातले नेमके शब्द प्रकल्पाच्या तक्रार-नोंदीत शोधा. नोंद सापडली तर नवीन करू नका. तिथेच तुमची वेगळी माहिती जोडा.

उदाहरण लहान करा. तुमच्या प्रकल्पात २०० फायली असतील, तर त्या सगळ्या पाठवू नका. एकेक भाग काढत जा. प्रत्येक वेळी पाहा, दोष अजून दिसतोय का? शेवटी दोन-चार ओळी उरतील. मुलाचं लांबलचक गणित चुकतं तेव्हा आपणही नेमकी चुकलेली पायरी शोधतो ना, तसंच.

६. अर्ध्या-अर्ध्याने शोध

वर्गात "मनातला आकडा ओळखा" हा खेळ आपण घेतोच. १ ते १०० मधला आकडा. हुशार मूल "५० पेक्षा मोठा का?" असं विचारतं. प्रत्येक उत्तराला निम्मे आकडे बाद होतात आणि जास्तीत जास्त ७ प्रश्नांत आकडा सापडतो.

जुन्या चांगल्या आणि नव्या बिघडलेल्या आवृत्तीत समजा १,००० बदल झाले आहेत. कोणत्या बदलाने घात केला? एकेक तपासत बसलो तर जन्म जाईल. 'गिट' या टूलमध्ये यासाठी 'बायसेक्ट' नावाची सोय आहे. तिला एक चांगली जागा आणि एक बिघडलेली जागा सांगायची. ती मधला बदल काढून देते, आपण तपासून फक्त "चांगलं" किंवा "वाईट" म्हणायचं. १,००० बदलांसाठी साधारण १० फेऱ्या पुरतात, कारण दोनाचा दहावा घात १,०२४ होतो. पहिलीतला खेळ इथे कसा कामाला आला बघा!

हे जमलं नाही तरी हरकत नाही. "आरसी १ मध्ये चालतं, आरसी २ मध्ये नाही" एवढं सांगितलंत, तरी शोधाचं अंतर खूप कमी होतं.

७. अहवाल लिहायचा कसा?

पुढचा नमुना काल्पनिक टूलचा आहे. प्रत्यक्षात तो बहुतेक वेळा सोप्या इंग्रजीत लिहावा लागेल. वाक्यं छोटी ठेवा, व्याकरणाची भीती बाळगू नका.

शीर्षक : २.८.० आरसी १ मध्ये फोल्डरचं नाव देवनागरीत असल्यास बिल्ड थांबतो, २.७ मध्ये चालत होता.
संगणक : विंडोज ११, ६४ बिट.
पायऱ्या : (१) 'सराव' नावाचं फोल्डर करा. (२) सोबतच्या दोन फायली त्यात ठेवा. (३) बिल्डची आज्ञा द्या.
काय व्हायला हवं होतं : प्रोग्राम तयार व्हायला हवा होता.
काय झालं : "फाईल सापडली नाही" असा संदेश येऊन काम थांबलं. पूर्ण संदेश खाली दिला आहे.
तपासलेलं : २.७ मध्ये हेच चालतं. फोल्डरला इंग्रजी नाव दिलं, तर आरसी १ मध्येही चालतं. बिल्डचं फोल्डर नव्याने करून पाहिलं.

बघा, यात कुठेही "तुमचं टूल बेकार आहे" असं नाही आणि "बहुतेक अमुक कारण असावं" असा अंदाजही नाही. काय पाहिलं तेवढंच आहे. अंदाज असेल तर तो शेवटी, वेगळा लिहा.

आणखी काही पथ्यं :
• चुकीच्या संदेशाचा फोटो नको, मजकूर द्या. फोटोतले शब्द शोधता येत नाहीत.
• एका अहवालात एकच दोष.
• पासवर्ड, खासगी माहिती मजकुरातून आधी काढून टाका.
• सुरक्षेला धोका असणारा दोष उघड लिहू नका. त्यासाठी प्रकल्पाने दिलेला खासगी मार्ग वापरा.

८. कळवल्यानंतर

अहवाल टाकला की काम संपलं असं नाही. समोरून प्रश्न येतील, त्यांना उत्तरं द्या. मुक्त स्रोताचं बरंचसं काम लोक आपला वेळ काढून करतात, म्हणून दोन दिवसांत उत्तर आलं नाही तर चिडू नका. पुढचं आरसी आलं की तपासा आणि "सुटलं" किंवा "अजून आहे" असं जरूर कळवा. कधी "हा दोष नाही, असंच अपेक्षित आहे" असं उत्तर येईल. तेही शिकणंच आहे.

दोष सुटला की चांगले डेव्हलपर आणखी एक गोष्ट करतात. तुमचं ते छोटं उदाहरण कायमच्या चाचण्यांमध्ये घालतात. मग प्रत्येक नव्या बदलानंतर ते आपोआप तपासलं जातं. आपण रोज परिपाठानंतर पाढ्यांची उजळणी घेतो, तीच ही! मागचं सपाट होऊ नये यावर उजळणीशिवाय दुसरा उपाय नाही, वर्गातही नाही आणि सॉफ्टवेअरमध्येही नाही.

मित्रांनो, वर्गात "बाई, फळ्यावर चुकलंय" असं सांगणारं एखादं मूल असतं. त्या क्षणी आपल्याला थोडं ओशाळल्यासारखं होतं, पण त्याच्यामुळे चाळीस वह्यांमध्ये चुकीचं उतरत नाही. तसं मूल होण्याची संधी तुम्हाला मिळाली, तर गप्प बसू नका.

स्वाध्याय
१. 'रिग्रेशन' आणि 'मुद्दाम केलेला बदल' यांतला फरक एका उदाहरणाने सांगा.
२. ५०० बदलांमधला एक चुकीचा बदल अर्ध्या-अर्ध्याने शोधायला जास्तीत जास्त किती फेऱ्या लागतील?
३. "टूल चालत नाही, लवकर दुरुस्त करा" हा अहवाल वरच्या नमुन्याप्रमाणे पुन्हा लिहा. कोणकोणती माहिती विचारावी लागेल, त्याची यादी करा.