खटका आणि प्रसंगावधान

दिनांक १२ जुलै १९६१ रोजी वेल्हे भागातील पानशेत धरण फुटले आणि पुण्यात हाहाकार उडाला. त्या काळी भोर-वेल्ह्याच्या वाड्यावस्त्यांत चूल आणि कंदील होता. आता वीज आली, गॅस आला. पण संकटात ते बंद करण्याची विद्या आपल्या घरांत आली आहे काय?

गेल्या श्रावणात पहाटे आमच्या स्वयंपाकघरात गॅसचा वास सुटला. दिवा लावायला मी हात पुढे केला, तो आईने घट्ट धरला. सिलिंडर पोचवणाऱ्याने सांगितलेले तिने ध्यानात ठेवले होते. आईला अक्षरओळख नाही. चुकत होतो तो पुस्तके वाचणारा मी!

खटका चालू करा वा बंद, ठिणगी उडू शकते. शिवाय हा गॅस हवेपेक्षा जड. तो जमिनीलगत साचतो. म्हणून अंधारातच रेग्युलेटर बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्यात आणि बाहेर जाऊन १९०६ क्रमांकावर कळवावे.

पुराचे मात्र उलट आहे. पाणी घरात शिरण्यापूर्वीच रेग्युलेटर बंद करावा आणि कोरड्या हातांनी, कोरड्या जागी उभे राहून मेन स्विच बंद करावा. पाणी आत आले असेल, तर त्याला स्पर्शही करू नये. महावितरणला कळवून पुरवठा बाहेरूनच तोडवावा.

एका संकटात जो खटका तारतो, तोच दुसऱ्यात घात करतो. मित्रहो, सुट्टीत घरी गेल्यावर हे सर्वांना सांगा. आणि आईला काय ठाऊक आहे, तेही विचारा.