रॉक रेल घरी करणार असाल तर

ज्या गॅरेजवाल्याने माझ्या जिप्सीची डावी रॉक रेल चासीला जोडली, तो अजूनही लोकांना सांगतो, ‘डिझाइनच चुकीचं होतं, मी तरी काय करणार?’ आमच्याच ऑफ-रोडिंग ग्रुपमधल्या दोघांनी मला हे येऊन सांगितलं. दोघांनाही मी घरी बोलावून रेलचा तुटलेला पाय, म्हणजे रेल आणि चासी यांना जोडणारा आडवा तुकडा, हातात दिला. तो मी मुद्दाम भंगारात टाकलेला नाही. डिझाइन दोन्ही बाजूंचं एकच होतं. चारही लांब पाईप सहा मीटरच्या एकाच नगातून कापलेले, पाय एकाच फर्म्यावर बसवलेले. उजवी बाजू मी वेल्ड केली, डावी त्याने. उजवी आजही गाडीखाली आहे. डिझाइन चुकलं असतं तर दोन्ही गेल्या असत्या.

जे घरी हे काम करायला निघाले आहेत, त्यांच्या उपयोगी पडावं म्हणून सगळं क्रमाने लिहितो.

आधी, घरी का? बाजारात रॉक रेल म्हणून जे विकलं जातं त्यातलं बरंचसं नुसतं फूटस्टेप असतं. पातळ पाईप, वर काळं पावडर कोटिंग आणि बोल्ट बॉडीच्या पत्र्याला. पाय ठेवून चढायला ते ठीक आहे. गाडीचं वजन दगडावर टेकलं की तोच पाईप दाराखालचा पत्रा घेऊन वर येतो. म्हणून दुकानात एकच गोष्ट बघा: ब्रॅकेट कशाला बसतं? चासीला बसत असेल तर पुढचं बोला. डस्टर, कंपास यांसारख्या गाड्यांना वेगळी चासीच नसते, त्यांच्या मालकांनी माझं ऐकून वेल्डिंग मशीन उचलू नये.

पाईप घेताना दुकानदाराच्या तोंडच्या ‘हेवी आहे साहेब’ला काही अर्थ नाही. आयएस १२३९ च्या पाईपात तीन वर्ग येतात. पिवळा पट्टा म्हणजे हलका ए, निळा म्हणजे मध्यम बी, लाल म्हणजे जड सी. दीड इंची पाईपाचा बाहेरचा व्यास तिन्ही वर्गांत साधारण ४८ मिलिमीटरच असतो. फरक जाडीत: २.९, ३.२ आणि ४. पट्टा खरवडलेला असेल तर बाहेरून कोणालाही कळत नाही, म्हणून व्हर्नियर खिशात घालून जा आणि कापलेल्या तोंडाला लावा. मी सी क्लास घेतला, मीटरला साधारण ४.४ किलो. आणि काळा पाईपच घ्या, जीआय नको. त्यावरचं जस्त आर्कमध्ये जळतं, पांढरा धूर छातीत जातो, रात्री हुडहुडी भरून ताप येतो आणि जोडात बारीक भोकं राहतात ती वेगळीच.

पाय चासीला थेट चिकटवायचे नाहीत. चासीच्या उभ्या भिंतीवर आधी पाच मिलिमीटरची प्लेट, तिचे कोपरे गोल केलेले, आणि पाय त्या प्लेटवर. प्लेटची वेल्डिंग चासीच्या लांबीच्या दिशेने ठेवा. वरून खाली उभी रेघ ओढली की चासी पुढे त्याच रेघेवर तडकते. चासीच्या वरच्या आणि खालच्या कडेला तर रॉड लावूच नका, वाकण्याचा ताण सगळ्यात जास्त तिथेच असतो. एका बाजूला तीन पाय तरी हवेत. रेल आणि बॉडी यांत बोटभर फट ठेवा, कारण बॉडी रबरांवर बसलेली असते आणि हलते. पाईपाची टोकं बंद करणार असाल तर आधी खालच्या बाजूला तीन मिलिमीटरचं भोक पाडा. नाहीतर आतली हवा तापते आणि शेवटचा टाका पूर्ण होता होता त्यातून फुटून बाहेर येते. त्याच भोकातून पुढे पावसाचं पाणीही निघून जातं.

वेल्डिंगच्या आधीची तयारी खुद्द वेल्डिंगपेक्षा जास्त वेळ खाते, खाऊ द्या. बॅटरीच्या दोन्ही तारा सोडा. ईसीयूचा प्लग काढा. जिप्सी पेट्रोलची गाडी, इंधनाची आणि ब्रेकची नळी चासीच्या कडेनेच जाते. ती मोकळी करून बाजूला बांधा, ओल्या गोणपाटाने झाका. आतला गालिचा काढा. अर्थिंगचा चिमटा जोडापासून वीतभर अंतरावर, घासून चकचकीत केलेल्या धातूला लावा. चाकाला लावला तर करंट बेअरिंगमधून जातो आणि बेअरिंगच्या गोळ्यांवर डाग पडतात. शेजारी अग्निशामक ठेवा आणि काम संपल्यावर अर्धा तास गाडीपाशीच बसा. गालिच्याखालच्या फोममधली ठिणगी लगेच दिसत नाही. अंगणात पोरंटोरं असतील तर आधी घरात पाठवा. नुसत्या डोळ्यांनी आर्क बघितला की रात्री डोळ्यांत वाळू खुपते. हेल्मेटची काच दहा किंवा अकरा नंबरची घ्या.

उजवी बाजू मी अशीच केली. घरच्या लाइनवर छोटं इन्व्हर्टर मशीन, ६०१३ चा बारा नंबर रॉड. करंट वाढवला की एमसीबी पडायचा, म्हणून थोडं थोडं करत गेलो. आधी सगळीकडे टाके, मग एका पायाचा थोडा भाग, मग दुसऱ्याचा, म्हणजे उष्णतेने रेल एका अंगाला ओढली जात नाही. प्रत्येक थरानंतर स्लॅग हातोडीने उडवून, तारेच्या ब्रशने घासून, जोड नीट बघूनच पुढचा थर. वेळ लागला. ग्रुपमध्ये त्यावरून टोमणेही झाले.

डाव्या बाजूच्या वेळी ग्रुपचा कार्यक्रम तोंडावर आला होता आणि मला ऑफिसच्या कामातून मान वर करायला फुरसत नव्हती. टाके मी मारून ठेवले आणि पूर्ण वेल्डिंगसाठी त्या गॅरेजवाल्याला मोठं मशीन घेऊन घरी बोलावलं. त्याचं नाव चांगलं होतं, बंपर आणि कॅरिअरची त्याची कामं मी पाहिली होती. मी त्याला स्पष्ट सांगितलं: चासीवरचं कोटिंग आणि गंज घासून काढ, बॅटरी सुटलेली आहे ती लावू नकोस, आणि स्लॅग काढून मला दाखवल्याशिवाय रंगाचा डबा उघडू नकोस. तो म्हणाला, ‘साहेब, आमचं रोजचं काम आहे, तुम्ही निर्धास्त राहा.’

आल्या आल्या त्याने अर्थिंगचा चिमटा चाकाच्या नटाला अडकवला. मी तो काढून चासीला लावला. त्याला ते आवडलं नाही, चेहऱ्यावर दिसलं. मग मला ऑफिसचा फोन आला आणि मी आत गेलो. बाहेर आलो तर तिन्ही पाय जोडून, ग्राइंडरने गुळगुळीत घासून, वर काळा रंग मारून झालेला. जोडावर रॉडच्या लाटेचा मागमूस नाही. ‘कसं फिनिशिंग आलंय बघा साहेब,’ म्हणून त्याने हात पुढे केला. ‘दाखवायचं ठरलं होतं ना?’ म्हटलं तर, ‘त्यात काय बघायचंय? हत्ती उभा करा त्याच्यावर.’ आणि माझ्या उजव्या बाजूच्या जोडाकडे बघून म्हणाला, ‘हे तेवढं जरा ओबडधोबड झालंय.’ हे वाक्य मी विसरणार नाही.

मुळशीच्या बाजूला एका ओढ्यात तिरकी उतरताना गाडी डावीकडे कलली आणि रेल खडकावर टेकली. हे त्या रेलचं कामच आहे. एरवी पाईप खडकावर घासल्याचा खरखराट होतो आणि गाडी पुढे सरकते. त्या दिवशी आधी ठण्ण असा कोरडा आवाज झाला आणि पाठोपाठ पत्रा दबल्याचा. गाडी विंचने मागे ओढली, खाली दगड लावले आणि मी टॉर्च घेऊन वाकलो. मधला पाय प्लेटपासून सुटून रेलबरोबर वर गेला होता. दाराखालचा पत्रा आत चेपलेला, दार उघडेना.

पाईप कुठेही वाकला नव्हता. पाय वाकला नव्हता. प्लेट चासीवर जागच्या जागी होती. फक्त जोड सुटला होता.

पायाचं ते सुटलेलं तोंड मी टॉर्चसमोर धरलं. पाईप कापताना कटिंग व्हीलच्या ज्या बारीक वळलेल्या रेघा पडतात, त्या पाईपाच्या कडेवर जशाच्या तशा होत्या. वेल्ड नीट झाला असता तर ती कड वितळून प्लेटशी एकजीव झाली असती, रेघा राहिल्याच नसत्या. भाकरीवर लोण्याचा गोळा ठेवावा तसा रॉडचा धातू नुसता वर बसला होता. मधल्या पोकळीत स्लॅगचा काचेसारखा काळा तुकडा अडकलेला. फटीत नखाने खरवडलं तर नखाला काळा रंग लागला, त्याच्याच डब्यातला. रंग फटीत उतरला याचा अर्थ सरळ आहे: रंग मारला त्या दिवशीच फट होती. खडकाने ती फक्त उघडी केली.

करंट कमी ठेवून रॉड भराभर ओढला की असंच होतं. चासीला भोक पडेल या धास्तीने करंट कमी ठेवतात, कोटिंग न घासता वरूनच रॉड चालवतात, आणि मग ग्राइंडर फिरवून सगळं झाकतात. घासताना जो थोडाफार धातू जोडाला धरून असतो, तोही जातो.

मी त्याला फोन केला. माझी अपेक्षा एवढीच होती की त्याने यावं, बघावं आणि ‘चुकलं’ म्हणावं. तो म्हणाला, ‘साहेब, दगडावर घातल्यावर तुटणारच.’ मी विचारलं, ‘अहो, रॉक रेल दगडावर टेकवायची नाही तर काय रस्त्यावर मिरवायची?’ तर म्हणाला, ‘घेऊन या, परत मारून देतो, फक्त मजुरी द्या.’ तुटलेला पाय बघायला तो आजपर्यंत आलेला नाही. नंतर ग्रुपमध्ये डिझाइनची गोष्ट सुरू झाली. दाराच्या डेंटिंगचे पैसे मी भरले, त्याबद्दल कोणाकडे मागायला गेलो नाही. पण दोष माझ्या माथी मारलेला मी खपवून घेणार नाही. उरलेले दोन पाय मी नंतर ग्राइंडरने कापून उघडले, त्यांचीही तीच गत होती. डावी बाजू आता मी पुन्हा स्वतः केली आहे.

एक विचार अजून अस्वस्थ करतो. हाय-लिफ्ट जॅक आपण याच रेलला लावतो. हा जोड जॅकवर सुटला असता आणि कोणाचा हात चाकाखाली असता तर?

आता जे करायलाच हवं ते.

खऱ्या जोडाला रॉड लावण्याआधी त्याच पाईपाचा आणि त्याच जाडीच्या पट्टीचा एक तुकडा जोडून घ्या, फक्त एका बाजूने. मग व्हाइसमध्ये धरून हातोडीने तुटेपर्यंत उलटा वाकवा आणि तुटलेली जागा बघा. कापल्याच्या रेघा दिसल्या तर करंट वाढवा किंवा हात सावकाश चालवा. बाहेरचा कारागीर आणला असेल तर त्यालाही हा तुकडा आधी करायला लावा. जो नाही म्हणेल त्याला चहा पाजून परत पाठवा.

जोड झाल्यावर स्लॅग काढून भिंग घेऊन कडा तपासा. कडेला खोल चर दिसला तर तो भरून घ्या. शंका असेल तर डाय पेनिट्रंटचे स्प्रे मिळतात. लाल मारायचा, थांबायचं, पुसायचा, वर पांढरा मारायचा. चीर असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. घरी करता येण्यासारखी तपासणी आहे.

मग जॅक टेस्ट. रेलला मधोमध जॅक लावून ती बाजू उचला, पण चासीखाली स्टँड ठेवूनच, आणि स्वतः खाली न जाता. सगळं ठीक दिसलं तरच प्राइमर आणि रंग. वेल्डिंगच्या उष्णतेने चासीच्या आतलं कोटिंगही जळतं, ते विसरू नका. आत कॅव्हिटी वॅक्स मारा, सह्याद्रीतला पावसाळा तिथूनच गंज धरतो. पुढे गाडी धुताना जोडांवर लक्ष ठेवा. रंगावर जोडाच्या कडेने गंजाची बारीक रेघ उमटली की तिथे चीर आहे असं समजा.

कायद्याचंही बघा. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत फेरफार करण्यावर बंधन घालतं, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही याबाबत कडक भूमिका घेतली. काम सुरू करण्याआधी आरटीओत आणि विमा कंपनीकडे चौकशी करा. घाई करू नका, स्वस्ताच्या मागे लागू नका, हे वेगळं सांगायला नको.

आणि कारागीर कितीही नावाजलेला असो, जोड उघडा असताना तुम्ही स्वतः बघितल्याशिवाय त्यावर ग्राइंडर किंवा रंगाचा ब्रश फिरू देऊ नका. जो जोड बघू देत नाही, त्याला चासीला हात लावू देऊ नका.