तारीख आधी ठरली, भरती नंतर पाहिली

घारापुरी ते गेटवे हे अंतर पोहायला साधारण 14 किलोमीटर. आमच्या तालुक्यातल्या मुलींच्या वसतिगृहाला पाण्याची टाकी हवी होती, मला पोहता येत होतं, म्हणून मी हे अंतर पोहून पैसे उभे करायचं ठरवलं. जानेवारीतला रविवार धरला, कारण त्या दिवशी देणगीदारांना गेटवेवर येता येणार होतं. पत्रकं छापून झाली आणि मग मी होडी ठरवायला उरणजवळच्या मोऱ्याला गेले.

तांडेलकाकांनी आधी तिथी विचारली. किनाऱ्यावरचा जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. रविवारी पंचमी. म्हणजे भरती पहाटे पावणेचारला पुरी, आणि दहाच्या सुमारास ओहोटी संपणार. घारापुरीहून गेटवेकडे येताना ओहोटी पाठीशी असते, भरती तोंडावर येते. काका म्हणाले, “ताई, अष्टमीला जा. सहाला भरती पुरी, बारापर्यंत ओहोटी. शिवाय भांगाचं पाणी, त्याला ओढ कमी.” पण अष्टमी बुधवारी होती. मी रविवारच धरून बसले.

चार तासांचा अंदाज होता. सहाला उडी मारायची होती, ती मारली सव्वासातला. मधला वेळ बॅनर धरून फोटो काढण्यात गेला.

दहापर्यंत छान चाललं होतं. ताजचा घुमट दिसत होता. मग डाव्या हाताला एक लाल बोया आला. वीस मिनिटं हात मारून मान वळवली, तर तो डाव्याच हाताला. काका ओरडले, “भरती लागली, ताई, वर या!” मी आले नाही. निम्म्याहून अधिक देणगीदारांनी ‘पूर्ण केलंस तर’ असं लिहून दिलं होतं, आणि माझ्या डोक्यात फक्त ती टाकी होती. तासाभराने दोरीला बांधलेली ग्लुकोजची बाटली हातात आली, पण बोटं जुळेनात, झाकण उघडेना. होडीतल्या निरीक्षकांनी विचारलं, आज वार कोणता? मी शनिवार म्हणाले. त्यांनी मला ओढून वर घेतलं. त्यांच्यामुळे मी आज हे लिहिते आहे.

तुम्ही असं काही करणार असाल तर दिवस जाहीर करू नका, आठवडा जाहीर करा. इंग्लिश खाडी पोहणारेही बहुधा भांगाच्या दिवसांतली आठवडाभराची मुदत घेतात आणि होडीवाला हवा पाहून दिवस सांगतो. फोटो आदल्या दिवशी उरका. तलावातल्या किलोमीटरांवर विसंबू नका: तिथे दर 25 मीटरला भिंतीला पाय लावून शरीर थोडं सुटतं, समुद्रात भिंत नसते. काखेत आणि मानेला व्हॅसलिन भरपूर लावा, खारं पाणी तिथेच कातडी सोलतं. आणि तुम्हाला बाहेर काढण्याचा अधिकार होडीतल्या एकाच माणसाला आधी लेखी द्या. थंडी चढलेल्या माणसाला आपण ठीक आहोत असंच वाटत असतं.

पैशाचं म्हणाल, तर ते स्वतःच्या खात्यात घेऊ नका, थेट संस्थेच्या खात्यात जाऊ द्या. 2,000 रुपयांवरच्या रोख देणगीला 80-जीची सवलत मिळत नाही, हेही आधी सांगा. होडीचा आणि परवानग्यांचा खर्च कोण करणार, तेही पत्रकातच लिहा.

आणि देणाऱ्यांना हात जोडून विनंती: ‘पूर्ण केलंस तर देईन’ असं लिहू नका. द्यायचं ते पोहणारा पाण्यात उतरण्याआधी देऊन टाका.