काडतुसाची परीक्षा

दिल्लीच्या दक्षिण भागात, तुघलकाबादच्या भग्न किल्ल्यापासून जवळच, नेमबाजीचे एक विस्तीर्ण मैदान आहे. १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांसाठी ते उभारण्यात आले आणि २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या वेळी त्याची पुनर्रचना झाली. पाच ऑलिंपिक स्पर्धांत भाग घेतलेले बिकानेरचे महाराज डॉ. कर्णी सिंग यांचे नाव या मैदानाला देण्यात आले आहे. मैदानाच्या एका भागात नेमबाज आणि लक्ष्य यांच्यामध्ये २५ मीटरांचे अंतर असते. पिस्तुलाच्या काडतुसांची परीक्षा कशी होते, हे समजून घेण्यासाठी आपण हेच अंतर विचारात घेऊ.

काडतुसाचे चार घटक असतात : पितळेचा कोश, त्याच्या बुडाशी बसविलेली स्फोटक टोपी, धूरविरहित दारू आणि पुढच्या टोकाला शिशाची गोळी. बार उडाल्यावर कोश शिल्लक राहतो. त्यात नवी टोपी, नवी दारू व नवी गोळी बसवून तो पुन्हा वापरता येतो. यालाच हाताने भरलेले काडतूस म्हणतात. पाश्चात्त्य देशांतील, विशेषतः अमेरिकेतील, अनेक नेमबाजांमध्ये हा प्रघात आहे. मात्र .२२ च्या लहान काडतुसात स्फोटक द्रव्य कोशाच्या कडेतच भरलेले असल्यामुळे ते पुन्हा भरता येत नाही. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलाचे सुवर्णपदक मिळविले, ते याच लहान काडतुसाच्या प्रकारात. त्याहून मोठ्या व्यासाच्या, मध्यभागी टोपी असलेल्या काडतुसांचा ‘सेंटर फायर’ हा प्रकार वेगळा आहे.

आपल्या देशात हा विषय केवळ छंदाचा नाही. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या पाचव्या कलमात दारूगोळ्याच्या निर्मितीबरोबरच त्याच्या चाचणीचाही उल्लेख असून त्यासाठी परवाना आवश्यक ठरविला आहे. काडतुसाची परीक्षा म्हणजेही एक प्रकारचा स्फोटच असल्यामुळे कायद्याची ही दक्षता सहज समजण्यासारखी आहे.

जोर नव्हे, एकसारखेपणा

जितका जोर अधिक तितके काडतूस चांगले, असा सर्वसामान्य समज असतो. स्पर्धेच्या दृष्टीने तो चुकीचा आहे. जसपाल राणा यांनी १९९४ मध्ये हिरोशिमा येथे सेंटर फायर प्रकारात सुवर्णपदक मिळविले, आणि २००६ मध्ये दोहा येथे याच प्रकारात ६०० पैकी ५९० गुण मिळवून तत्कालीन जागतिक विक्रमाशी बरोबरी केली. साठ गोळ्यांत केवळ दहा गुण गेले! या स्पर्धेच्या पहिल्या भागात दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास अवघा ५० मिलिमीटर असतो. हात कितीही स्थिर असला तरी काडतुसे एकमेकांसारखी नसतील, तर असे यश मिळणे कठीण.

याचे कारण साध्या गणिताने कळते. गोळी नळीतून बाहेर पडताच गुरुत्वाकर्षणामुळे खाली येऊ लागते. सेकंदाला २२० मीटर वेगाने जाणारी गोळी, हवेचा विरोध सोडून दिल्यास, २५ मीटर अंतर सुमारे ०.११ सेकंदात कापते आणि तेवढ्यात सुमारे सहा सेंटिमीटर खाली येते. आता काडतुसांच्या दोन पेट्या घेऊ. दोन्हींचा सरासरी वेग २२० मीटरच आहे. पहिल्या पेटीत वेग २१५ ते २२५ च्या दरम्यान राहतो, दुसरीत १९५ ते २४५ च्या दरम्यान. पहिल्या पेटीतील गोळ्यांच्या उंचीत सुमारे सहा मिलिमीटरांचा फरक पडेल, दुसरीतील गोळ्यांत सुमारे तीन सेंटिमीटरांचा! सरासरी तीच, परंतु दुसरी पेटी नेमबाजाच्या कामाची नाही. प्रत्यक्षात पिस्तुलाचा धक्का, नळीची घडण इत्यादी गोष्टींचाही परिणाम होतो; तरी मूळ तत्त्व बदलत नाही.

वेग कसा मोजतात?

गोळीचा वेग मोजण्याची पहिली विश्वसनीय रीत बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाने १७४२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात मांडली. टांगलेल्या लाकडी ठोकळ्यावर गोळी झाडावयाची, आणि तो किती मागे झुलतो त्यावरून वेग काढावयाचा. हाच रॉबिन्स पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत आला आणि १७५१ मध्ये कडलूरजवळच्या सेंट डेव्हिड किल्ल्यात मरण पावला. आज ठोकळ्याची जागा दोन प्रकाशसंवेदी पडद्यांनी घेतली आहे. पडदे दोन मीटर अंतरावर असतील, तर २२० मीटर वेगाची गोळी ते अंतर सुमारे नऊ सहस्रांश सेकंदात ओलांडते.

हवामानाची नोंदही करावी लागते. दारू तापली की अधिक वेगाने जळते व नळीतील दाब वाढतो. दिल्लीच्या जानेवारीतील थंडीत घेतलेली परीक्षा मे महिन्यातील ४५ अंशांच्या उन्हाळ्यात जशीच्या तशी लागू पडेल, असे धरून चालता येत नाही. म्हणून काडतुसे सावलीत ठेवतात.

वेगानंतर कागदी लक्ष्यावरील छिद्रे पाहतात. सर्व छिद्रे जवळजवळ, पण मध्यापासून दूर पडली असतील, तर दोष काडतुसांचा नसतो. पिस्तुलावरील माशी जुळवून तो दूर होतो. छिद्रे विखुरलेली असतील, तर मात्र शोध घ्यावा लागतो. तीनच गोळ्यांवरून मत बनविणे धोक्याचे असते. योगायोगाने तीन गोळ्या एकत्र पडतील. दहा गोळ्या सहसा तसे फसवीत नाहीत. नेमबाजाच्या हाताचा दोष वगळण्यासाठी पिस्तूल चौकटीत घट्ट बसवूनही परीक्षा घेतात.

शीत आणि भात

येथे एक अडचण उभी राहते. जे काडतूस तपासले ते संपले. जे उरले ते तपासलेले नाही. म्हणून शितावरून भाताची परीक्षा करावी लागते. परंतु भात एकाच भांड्यात शिजलेला असेल, तरच शिताची साक्ष खरी. पुण्याजवळ खडकी येथे १८६९ पासून असलेल्या दारूगोळा कारखान्यासारख्या ठिकाणी काडतुसांवर गटाचा क्रमांक असतो, तो यासाठीच. एका गटाचा निर्णय दुसऱ्या गटाला लावता येत नाही.

हाताने भरलेल्या काडतुसांची गोष्ट याहून नाजूक आहे. तेथे प्रत्येक काडतूस म्हणजे जणू एक स्वतंत्र भांडे असते. भरणाऱ्याचे लक्ष क्षणभर ढळले आणि एका कोशात दारू दुप्पट पडली, तर नळीतील दाब बेसुमार वाढतो. दारू मुळीच पडली नाही, तर टोपीच्या जोराने गोळी नळीत शिरून तेथेच अडकते. मागाहून दुसरी गोळी सुटली तर नळी फुटून हाताला, डोळ्याला गंभीर इजा होते. आधीच्या पन्नास चांगल्या बारांनी या एकावन्नाव्याची हमी मिळत नाही.

म्हणून परीक्षेच्या वेळी कानांनाही काम असते. आवाज नेहमीपेक्षा हलका आला की तात्काळ थांबावयाचे, पिस्तूल रिकामे करावयाचे आणि नळी मोकळी असल्याची खात्री करावयाची. बार उडालाच नाही, तर तो उशिराने उडण्याचा संभव असतो. तेव्हा नळीचे तोंड लक्ष्याकडेच ठेवून निदान तीस सेकंद थांबावयाचे. डोळ्यांवर चष्मा व कानांवर संरक्षक आवरण असल्यावाचून गोळीबाराच्या रेषेजवळ उभे राहावयाचे नाही.

वेगमापक यंत्र आकडे देते आणि कागद छिद्रे दाखवितो. पण दोन्ही सांगतात ते झालेल्या बाराविषयी. पुढच्या बाराविषयीचा विश्वास मात्र भरणाऱ्याच्या शिस्तीवरच अवलंबून राहतो. काडतुसाची परीक्षा ही अखेरीस ते तयार करणाऱ्या हातांची परीक्षा असते.