फुलराणीची मराठी आणि आपली मराठी

(मोठ्या गटासाठी पाठ. पालकांनीही मुलांबरोबर बसून वाचावा.)



गेल्या सत्रात आपल्या वर्गात एक गोष्ट घडली. आपल्यातला एक मुलगा धडा मोठ्याने वाचत होता. "आजीने बाळाला गोळी दिली" हे वाक्य त्याने "आजीने बालाला गोली दिली" असे वाचले. मागे चहा घेत उभे असलेले काही पालक हसले. खरे सांगायचे तर आम्ही शिक्षकही हसलो. मुलाने पुस्तक मिटले. पुढचे दोन शनिवार आम्ही त्याला मराठीत काहीही विचारले, तरी त्याने इंग्रजीतच उत्तर दिले.

चूक त्याच्या 'ळ'ची होती की आमच्या हसण्याची? हा प्रश्न आम्हाला सतावत होता, म्हणून या वेळचा पाठ आम्ही एका अभिनेत्रीवर लिहायचे ठरवले. त्यांचे नाव भक्ती बर्वे. त्यांची सर्वांत गाजलेली भूमिका बोलण्यावरून हसू झालेल्या मुलीचीच होती.

कोण होत्या भक्ती बर्वे?

भक्ती बर्वे यांचा जन्म १९४८ सालचा. सुधा करमरकर यांनी मुंबईत 'लिटल थिएटर' ही मुलांसाठी नाटके करणारी संस्था काढली होती. भक्तीताईंनी लहान वयात तेथेच रंगभूमीवर पाऊल ठेवले. म्हणजे त्यांची सुरुवात तुमच्यासारख्याच मुलांसमोर झाली. पुढे त्या आकाशवाणीवर निवेदन करू लागल्या. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले. त्यानंतर पडद्यावरून मराठी बातम्या देणाऱ्यांमध्ये त्याही होत्या. तुमच्या आईबाबांपैकी कितीतरी जणांनी त्यांचा स्पष्ट, स्वच्छ आवाज घरी ऐकला असेल. विचारून पाहा.

बातम्या देणाऱ्याने प्रत्येक अक्षर नीट उच्चारायचे असते. अशा बाईंना १९७५ साली भूमिका मिळाली ती 'ण'ला 'न' म्हणणाऱ्या फुलवालीची!

लंडनची फुलवाली मुंबईत

या फुलवालीचे मूळ गाव आपल्याला जवळचे आहे. जॉर्ज बर्नार्ड शॉ यांचे 'पिग्मॅलियन' हे नाटक कॉव्हेंट गार्डनमध्ये सुरू होते. पाऊस पडतो आहे, लोक चर्चच्या खांबांआड उभे आहेत आणि एलायझा नावाची मुलगी फुले विकते आहे. तिचे बोलणे ऐकून उच्चारशास्त्राचा एक प्राध्यापक पैज मारतो की, काही महिन्यांत मी हिला बड्या घरची बाई म्हणून मिरवून दाखवीन. लंडनमध्ये हे नाटक प्रथम ११ एप्रिल १९१४ रोजी 'हिज मॅजेस्टीज थिएटर'मध्ये झाले. एलायझा झालेल्या मिसेस पॅट्रिक कॅम्बेल तेव्हा ४९ वर्षांच्या होत्या! पुढे याच कथेवरून 'माय फेअर लेडी' हे संगीत नाटक आणि १९६४ साली चित्रपट निघाला. तो तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल.

पु. ल. देशपांडे यांनी हे नाटक मराठीत आणले आणि त्याला नाव दिले 'ती फुलराणी'. पु. ल. स्वतः १९५८ साली दूरचित्रवाणीच्या प्रशिक्षणासाठी लंडनला बीबीसीत आले होते. त्या प्रवासावरचे 'अपूर्वाई' हे त्यांचे पुस्तक आपल्यापैकी अनेकांच्या घरी असेल. त्यांनी शॉंचे शब्द नुसते मराठीत घातले नाहीत. एलायझाची झाली मंजुळा साळुंके. इंग्रजीत ती 'ह' गाळते, तर मराठीत मंजुळेचे 'न' आणि 'ण' एक होतात. प्राध्यापकाच्या भूमिकेत सतीश दुभाषी होते आणि मंजुळा झाल्या भक्ती बर्वे.

नाटक तुफान चालले. प्राध्यापकाने अपमान केल्यावर मंजुळा एकटीच रंगमंचावर त्याच्यावर सूड उगवण्याची स्वप्ने रंगवते. ते स्वगत आजही स्नेहसंमेलनांत मुली पाठ करून म्हणतात. नंतर अमृता सुभाष, हेमांगी कवी अशा इतर अभिनेत्रींनीही ही भूमिका केली. तरीही फुलराणी म्हटले की आमच्या पिढीला आधी भक्तीताईच आठवतात.

आणखी भूमिका

भक्तीताईंनी दूरदर्शनवर बहिणाबाई चौधरींची भूमिकाही केली. बहिणाबाई (१८८० ते १९५१) जळगावकडच्या. त्यांना लिहिता वाचता येत नव्हते. घरात आणि शेतात काम करता करता त्या आपल्या बोलीत ओव्या रचत. घरच्यांनी त्या उतरवून घेतल्या, म्हणून १९५२ साली त्यांचे पुस्तक निघू शकले. त्या बोलीला शाळेतल्या मास्तरांनी कदाचित लाल शाईने खुणा केल्या असत्या. आज मात्र तीच कविता महाराष्ट्रातली मुले पाठ्यपुस्तकात शिकतात.

रिचर्ड ॲटनबरो यांच्या 'गांधी' चित्रपटासाठी कस्तुरबांचा शोध चालला होता. तेव्हा चाचणी देण्यासाठी भारतातून लंडनला आलेल्या कलावंतांत स्मिता पाटील आणि रोहिणी हट्टंगडी यांच्याबरोबर भक्तीताईही होत्या. भूमिका रोहिणीताईंना मिळाली आणि त्यांना ब्रिटनचा बाफ्टा पुरस्कारही मिळाला. पण कस्तुरबा भक्तीताईंकडे परत आल्या! १९९० च्या दशकात 'गांधी विरुद्ध गांधी' या मराठी नाटकात त्यांनी कस्तुरबांचे काम केले. एखादी गोष्ट पहिल्यांदा मिळाली नाही म्हणजे ती कायमची गेली असे नाही.

'जाने भी दो यारो' (१९८३) या हिंदी चित्रपटातली धूर्त संपादिका आणि 'आई रिटायर होतेय' या नाटकातली आई याही त्यांच्या गाजलेल्या भूमिका. १९९० साली त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्यांचे पती, अभिनेते शफी इनामदार, १९९६ साली वारले. १२ फेब्रुवारी २००१ रोजी वाईचा कार्यक्रम आटोपून मुंबईला परतताना मोटार अपघातात भक्तीताईंचे निधन झाले. त्या कार्यक्रमाचे नाव होते 'पु. ल., फुलराणी आणि मी'. शेवटपर्यंत फुलराणी त्यांच्या सोबत होती.

आपण काय शिकायचे?

शॉंच्या नाटकात एलायझा स्वतःच्या पायांनी प्राध्यापकाच्या घरी येते. तिला फुलांच्या दुकानात नोकरी हवी असते, म्हणून तिला नीट बोलायला शिकायचे असते. शिकण्याची हौस तिची, मेहनतही तिचीच. पैज जिंकल्यावर मात्र कौतुक होते ते प्राध्यापकाचे. तिला कोणी 'शाबास' म्हणत नाही. प्राध्यापकाला उच्चार ऐकू येतात, माणूस ऐकू येत नाही.

हे वाचताना आम्हाला आमचा तो शनिवार आठवला. 'ळ' शिकवणे हे आमचे काम आहे आणि ते आम्ही सोडणार नाही. 'बाळ' आणि 'बाल', 'पळ' आणि 'पल' यांत फरक आहेच. पण मुलाने सात हजार किलोमीटरवरच्या आजीबद्दल तिच्याच भाषेत एक वाक्य वाचले होते, हे आम्ही ऐकलेच नाही.

पालकांना विनंती: मुलाचे वाक्य पुरे होऊ द्या. आधी त्याच्या बोलण्याला उत्तर द्या, मग उच्चार सांगा. आपल्यापैकी कोणी मालवणी बोलत मोठे झाले, कोणी वऱ्हाडी, कोणी अहिराणी. आपल्या बोलीला कोणी हसले होते तो दिवस आपणही विसरलेलो नाही.

आणि तो मुलगा? परवा तो म्हणाला, "मी वाचतो, पण मागचे दार बंद करा." आम्ही दार बंद केले.

उच्चारांचा सराव

१. 'ताट' हा शब्द दहा वेळा म्हणा. 'त'ला जीभ वरच्या दातांना लागते. 'ट'ला ती मागे वळून टाळूला लागते. इंग्रजीतला 'टी' या दोघांच्या मध्ये आहे, म्हणून आपली गडबड होते.

२. 'ण' आणि 'ळ' म्हणतानाही जीभ मागे वळवा: पाणी, लोणी, फळ, केळे.

३. तोंडासमोर कागदाची पट्टी धरून 'पळ' आणि 'फळ' म्हणा. पट्टी कधी जास्त हलते?

४. 'चार' आणि 'चूक' यांतला 'च' सारखा आहे का? आईबाबांना म्हणायला सांगून नीट ऐका.

शब्दार्थ

निवेदन: श्रोत्यांना माहिती सांगणे. स्वगत: नाटकातील पात्राचे स्वतःशी बोलणे. बोली: एखाद्या भागातील लोकांची रोजची भाषा. पैज: शर्यत. हौस: आवड.

घरचा अभ्यास

आजीला किंवा आजोबांना फोन करा. त्यांच्या गावात वेगळ्या तऱ्हेने बोलले जाणारे पाच शब्द विचारून वहीत लिहा. शब्द जसा ऐकाल तसाच लिहायचा. या वेळी लाल शाई नाही.